मंगळवारचा कप्पा

सहा आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी सेम्बावांगमधल्या तुमच्या ब्लॉकखालच्या बस स्टॉपवर तुम्ही कोसळलात. सात वाजून पाच मिनिटांनी रुग्णालयात तुम्हाला मृत घोषित करण्यात आलं. तुमचं वय चोपन्न होतं. शेजारी उभ्या असलेल्या एका मलय बाईंनी अँब्युलन्स बोलावली. बसचा चालक प्रवाशांना तसंच ठेवून खाली उतरला आणि त्याने तुमच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. ब्लॉकच्या लिफ्टजवळचं हृदयाला झटका देणारं यंत्र कुणीतरी धावत जाऊन आणलं. या तिन्ही गोष्टी मी नंतर पडताळून पाहिल्या. माणसं वेळेवर पोचली होती, उपयोग झाला नाही.

मला पोलिसांचा फोन आला तेव्हा मी पाया लेबारच्या कचेरीत सकाळच्या शिफ्टवर होते. त्यांनी आधी नातं विचारलं, मग घटना सांगितली. त्यावर माझ्या तोंडून निघालेला पहिला प्रश्न असा होता: "त्यांच्या बॅगेत काही सापडलं का?"

पलीकडच्या अधिकाऱ्याने यादी वाचली. "लंच बॉक्स," तो म्हणाला. "फ्लास्क. दोन केळी."

भाऊजी, तुम्ही कसे गेलात हे मी विचारलं नाही. तुम्हाला त्रास झाला का, हेही विचारलं नाही. बॅगेत काय होतं ते विचारलं. पंचवीस वर्षं बातम्यांच्या टेबलावर बसल्याची ही सवय, असं मी स्वतःला दुपारपर्यंत सांगत होते. ते खरं नाही. गेल्या काही वर्षांत अनोळखी नंबरावरून आलेल्या प्रत्येक फोनला मी मनात हाच प्रश्न तयार ठेवलेला असायचा.

आठ वाजता मी पुण्याला ताईला, म्हणजे तुमच्या वृंदाला, फोन केला. तिथे साडेपाच वाजले होते. ती रडली नाही. म्हणाली, "मीनल, खरं सांग. परत घेत होते का?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

"मग शोधून काढ," ती म्हणाली. "मला अंदाज नको."

*

ताईच्या संमतीने हे लिहिते आहे. तुमच्या आजाराचं नाव घ्यायचं की नाही, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "बारा वर्षं पाठदुखी म्हणून सांगितलं. आता नाव घे."

नाव असं: ओपिऑइडचं व्यसन. अफूच्या कुळातल्या वेदनाशामक गोळ्यांचं. सुरुवात जहाजावर झाली. तुम्ही सेकंड इंजिनीअर होता, इंजिन रूममध्ये पंपाचं आवरण उचलताना मणक्यातली चकती सरकली. पुढच्या बंदरातल्या डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या, त्याच्या पुढच्या बंदरातल्या डॉक्टरने त्या चालू ठेवल्या. पाठ बरी झाल्यावरही गोळ्या राहिल्या. तुम्ही समुद्र सोडून सेम्बावांगच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात कामावर आलात, तेव्हा ताईला वाटलं की आता सगळं सुरळीत होईल. तीन वर्षांनी ती लेकीला, ईशाला, घेऊन पुण्याला परत गेली. जाताना तिने एकच अट घातली होती. सलग एक वर्ष गोळ्यांशिवाय काढा, मग मी येते.

ती गेल्यावर तुम्ही पहिल्यांदा स्वतःहून मला फोन केलात. क्लेमेंटीच्या माझ्या घरी आलात, चपला दारात नीट लावल्यात आणि म्हणालात, "संपादकीणबाई, एक डॉक्टर शोधायचीय. जी ओरडणार नाही अशी."

डॉक्टर मिळाल्या. त्या ओरडल्या नाहीत, पण लाडही केले नाहीत. आधी रुग्णालयात राहून गोळ्या पूर्ण बंद करायच्या, मग शरीर रिकामं झालंय याची तपासणी, मग नाल्ट्रेक्सोन नावाची रोजची एक गोळी. ही गोळी नशा देत नाही. मेंदूतली जी जागा ओपिऑइड पकडतं ती आधीच अडवून बसते, त्यामुळे वरून काही घेतलं तरी त्याचा उपयोग होत नाही. तुम्ही मला हे सांगताना म्हणाला होतात, "व्हॉल्व्हच्या तोंडावर ब्लँक बसवलाय, नुसतं झाकण. पाइप आहे तिथेच, फक्त प्रवाह नाही."

पण प्रवाह थांबल्यावर जे उरलं ते वाईट होतं. तुम्ही बोलेनासे झालात. यार्डातून घरी येऊन बूट न काढता सोफ्यावर बसून राहायचात. दोन प्रकारची नैराश्याची औषधं झाली. फरक पडला नाही. त्याच सुमारास तुम्ही कुठेतरी वाचलंत, की परदेशात मशरूममधल्या द्रव्याने भान सैल करून, शेजारी समुपदेशक बसवून, व्यसनाच्या रुग्णांवर उपचार करून पाहत आहेत, आणि तेही त्यांची नेहमीची औषधं चालू ठेवून. ती छापील पानं घेऊनच तुम्ही डॉक्टरांकडे गेलात. मी बरोबर होते.

डॉक्टरांनी पानं वाचली आणि परत दिली. "हे या देशात बेकायदेशीर आहे," त्या म्हणाल्या. "इथे कुणी द्यायला तयार झालं तर त्याच्याकडे जाऊ नका. मला सांगा." मग त्यांनी जे शक्य होतं ते सांगितलं. केटामाइनच्या घराण्यातला एक नाकात मारायचा फवारा. इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी तो इथे रुग्णालयात देतात, नर्सच्या नजरेखाली. त्यानेही भान काही वेळ सैल होतं. दुसऱ्या दिवशी समुपदेशकाकडे बसून, त्या वेळात काय वर आलं त्यावर बोलायचं.

"पण एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "हा फवारा व्यसनावरचा नाही. व्यसनासाठी ती रोजची गोळी. दोन्ही बरोबर चालतील."

हे वाक्य मी ऐकलं होतं. तेव्हा माझ्या हातात वही होती.

*

फवाऱ्यानंतर दोन तास तिथेच थांबायचं आणि घरी एकट्याने जायचं नाही, असा नियम होता. म्हणून आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, मी तुमच्याबरोबर आले. पहिल्याच दिवशी तुम्ही पिशवीतून एक जाड पुठ्ठ्याची वही काढलीत. इंजिन रूमच्या लॉगबुकासारखे रकाने तुम्ही स्वतः आखले होते: वेळ, दाब, शेरा.

"मी काय बोलतो ते मला नंतर आठवणार नाही," तुम्ही म्हणालात. "तू बातमीदार आहेस. लिही."

"सगळं?"

"सगळं. आणि लॉगमध्ये खोडायचं नाही हां. चुकलं तर एकच रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही."

"आमच्याकडे सरळ कापतात," मी म्हणाले.

"म्हणून तर तुमची जहाजं बुडतात."

तिथली नर्स साठीकडे झुकलेली होती, चिनी सिंगापुरी, हातात कायम रक्तदाबाचं यंत्र. तुम्हाला अंकल म्हणायची आणि तुमच्यापेक्षा मोठी होती. तुम्ही उठायचा प्रयत्न केलात की ती खुर्चीच्या हातावर बोटं वाजवायची: "अंकल, स्लोली लाह. शिप नॉट सेलिंग टुडे."

तुमचं जहाजाचं वेड तिला तिसऱ्या दिवशी कळलं होतं.

वहीतल्या बहुतेक नोंदी कोरड्या आहेत. दहाव्या मिनिटाला जीभ जड. पंधराव्या मिनिटाला छत लांब गेल्यासारखं. चाळिसाव्या मिनिटाला रक्तदाब वाढलेला, तासाभरात खाली. मधेच गाणं गुणगुणलात, ओळखता आलं नाही. दुसऱ्या खेपेला तुम्ही सलग बोललात ते मी जसंच्या तसं उतरवलं. तुम्ही इंजिन रूममध्ये उभे होता आणि सगळी यंत्रं बंद होती. मेन इंजिन बंद, जनरेटर बंद, पंखे बंद. "इतकं शांत जहाज म्हणजे मेलेलं जहाज," तुम्ही म्हणालात. मग: "पण बसता येतंय. स्टुलावर बसलोय. काही होत नाहीये."

तुम्ही घरी जाताना एमआरटीच्या गाडीत ते वाचून घेतलंत. मी म्हणाले, औषधाने मेंदूत जे केलं ते तुम्ही सांगताय, त्यात फार अर्थ शोधू नका.

"खोटं होतं म्हणतेस?"

"पुरावा नाही म्हणते."

"गेज बिघडलेला असला म्हणजे पाइपात प्रेशर नसतं का?" तुम्ही विचारलंत. समोर बसलेल्या बाईंनी वर पाहिलं. "आज मी शांत बसलो मीनल. बारा वर्षांत शांतता झाली की मी गोळी शोधायचो. आज बसलो. आता कारण काय लिहायचं ते तू ठरव."

हा वाद आपला संपला नाही. तुमच्या बाजूने तुम्ही आणखी काही सांगणार होता, बिशान स्टेशनवर गाडी बदलताना ते राहून गेलं. मी अजूनही माझ्या बाजूवर आहे. फक्त आता मी ती बाजू इतक्या ठामपणे मांडत नाही.

*

आता शुद्धिपत्र.

चार आठवडे संपले तेव्हा तुम्ही बदलला होता. यार्डातून आल्यावर बूट काढत होता, आंघोळ करून जेवायला बसत होता, ईशाला फोनवर गणितं समजावत होता. पाचव्या आठवड्यात तुम्ही माझ्याकडे जेवायला आलात. भरली वांगी मागून घेतलीत. जेवण झाल्यावर पाणी मागितलंत, खिशातून कागदात गुंडाळलेली नाल्ट्रेक्सोनची गोळी काढलीत.

मी म्हणाले, "भाऊजी, इतके छान झालात, आता ही कशाला? जन्मभर काठी धरून चालणार का?"

मी हे सहज म्हणाले नव्हते. त्याच आठवड्यात मी कचेरीत या उपचारांवरचा एक लेख संपादित केला होता. बातमीदाराने शीर्षकाला प्रश्नचिन्ह दिलं होतं, ते मी काढलं. डॉक्टरांचं वाक्य माझ्या वहीत होतं, आणि तरी मी माझ्या शीर्षकावर विश्वास ठेवला. शिवाय आपल्या घरांत जे समजतात तेच मीही समजत होते. रोज गोळी लागते म्हणजे माणूस अजून आजारी आहे. गोळी सुटली म्हणजे बरा झाला. ज्या दिवशी गोळी बंद होईल त्या दिवसापासून ताईचं एक वर्ष मोजायचं, असा माझा हिशेब होता.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. गोळी परत कागदात गुंडाळलीत आणि खिशात ठेवलीत. म्हणालात, "बघू."

नऊ दिवस तुम्ही गोळी घेतली नाही. दहाव्या दिवशी पाठ भरून आली. तुमच्या घरात हत्यारांच्या पेटीत व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टचा एक डबा होता आणि त्या डब्यात गोळ्यांची एक जुनी पट्टी होती, हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तुम्ही पूर्वी घेत होता तेवढ्या गोळ्या घेतल्यात. पण शरीर आता पूर्वीचं नव्हतं. त्याची सवय मोडलेली होती आणि अडवणारी गोळी जागेवर नव्हती. जे बारा वर्षं पचत होतं ते त्या दिवशी जीव घ्यायला पुरेसं होतं.

तुम्ही मेला नाहीत, कारण तुम्ही इंजिनीअरसारखे वागलात. काहीतरी चुकतंय हे कळताच अँब्युलन्सला फोन केलात, ब्लॉक आणि घर क्रमांक दोनदा सांगितलात, मुख्य दार उघडलंत आणि ते बंद होऊ नये म्हणून उंबऱ्यावर, दाराला पाठ टेकून बसलात. त्यांना तुम्ही तसेच सापडलात.

रुग्णालयात डॉक्टर आल्या. मी पलंगाच्या या बाजूला होते, त्या पलीकडे.

"नाल्ट्रेक्सोन मी बंद केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं?"

तुम्ही सलाइनच्या बाटलीकडे पाहिलंत. माझ्याकडे पाहिलं नाहीत.

"कुणी नाही. मीच ठरवलं."

त्यांनी मला विचारलं नाही. मीही बोलले नाही. संध्याकाळी ताईचा फोन आला, तेव्हा तुम्ही तिलाही तेच सांगितलंत, आणि ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या हातून होणारच नाही हे." तेही मी शेजारी उभी राहून ऐकलं.

*

तुम्ही घरी आल्यावर चौथ्या दिवशी आपण तुमच्या ब्लॉकजवळच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यांपाशी बसलो होतो. तुमच्यापुढे बिनसाखरेची काळी कॉफी होती, माझ्यापुढे चहा. तुम्ही दोन्ही कप शेजारी शेजारी ठेवलेत.

"हा नंबर एक," तुम्ही माझ्या चहाला हात लावून म्हणालात. "गोळी. चोवीस तास चालू. आवाज नाही, कौतुक नाही." मग कॉफी. "हा नंबर दोन. फवारा, समुपदेशक, तुझी वही, सगळं धरून. जोरदार मशीन. आता दुसरा जनरेटर सुरू झाला, तर पहिल्याचं काय करायचं?"

"बंद करायचा?"

"केला. मग काय झालं?"

मी चहाकडे पाहिलं.

"ब्लॅकआउट," तुम्ही म्हणालात. "पहिल्या वर्षाचा कॅडेटसुद्धा करणार नाही ते मी केलं. आधी दोन्ही पॅरलल लावायचे, एकत्र जोडायचे. दोघांची चाल जुळली का ते दाखवणारा हा काटा असतो." तुम्ही चमचा टेबलावर फिरवलात. "घड्याळासारखा फिरतो. सावकाश फिरला पाहिजे. बाराला पाच कमी असताना ब्रेकरचा खटका मारायचा. बरोब्बर बाराला मारायला गेलीस तर हाताला वेळ लागतो, उशीर होतो. एकदा लागले की दोघं मिळून भार वाहतात. कुणी कुणावर उपकार करत नाही."

"आणि असे दोन्ही किती दिवस चालवायचे?"

"खुल्या समुद्रात एक पुरतो. बंदरात शिरताना आणि निघताना दोन लागतात."

"तुम्ही शिरताय की निघताय?"

"ते वर कॅप्टनला माहीत," तुम्ही म्हणालात. "मी खाली असतो."

रुग्णालयानंतर तुम्ही पहिल्यांदा हसवलंत, म्हणून मी हसले. माझ्या वाक्याचा विषय तुम्ही काढला नाहीत. मी मनाशी धरून चालले, की तुम्हाला ते आठवतच नसावं. जेवणानंतरचं एक वाक्य, माणूस विसरतो.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या नव्याने करून नाल्ट्रेक्सोन पुन्हा सुरू केलं. या वेळी तुम्ही सात कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा आणलात आणि फ्रिजवर ठेवलात. रविवारी भरायचा, रोज सकाळी ब्रश केल्यावर एक कप्पा उघडायचा. महिनाभराने फवाराही पुन्हा सुरू झाला, आधी आठवड्याला एक, मग पंधरवड्याला.

त्यातल्या दुसऱ्या खेपेची नोंद अशी आहे. पस्तिसावं मिनिट. डोळे मिटलेले. आवाज स्पष्ट. "कॅज्युअल्टीचा, अपघाताचा रिपोर्ट लिहायचाय. कारण: ऑपरेटर एरर. ऑपरेटरचं नाव माझं. मीनलचं नाव नको. ती बोलली ते लॉगला घ्यायचं नाही. वृंदा तिच्याशी बोलायची बंद होईल."

मी ते लिहिलं. सगळं लिहायचं असं ठरलं होतं. मग नर्स रक्तदाब बघायला आली.

त्या दिवशी गाडीत तुम्ही नेहमीप्रमाणे म्हणालात, "वाच." मी वाचलं. तिसाव्या मिनिटावरून मी सरळ चाळिसाव्या मिनिटावर गेले.

"मधे काही नाही?"

"घोरत होता," मी म्हणाले.

वहीत रेघ नाही, सही नाही. ती नोंद जशीच्या तशी आहे, फक्त ज्याची होती त्याला ती ऐकवली गेली नाही. तुम्हाला सगळं आठवत होतं, आणि तुम्ही ते शुद्धीवर असतानाही आणि नसतानाही झाकत होता, हे मला कळलं होतं. मला कळलंय हे तुम्हाला कळलं नाही. बस स्टॉपवरच्या त्या सकाळपर्यंत मला चौदा महिने मिळाले होते. मी पुढच्या रविवारी सांगेन असं म्हणत राहिले.

*

ते चौदा महिने चांगले होते. हे लिहिताना मला हात आखडता घ्यावासा वाटत नाही. शेवटचा फवारा झाला त्यानंतर तुम्ही पाच महिने जगलात. डॉक्टरांनी तो थांबवला, कारण गरज उरली नव्हती. गोळी चालू होती. तुम्ही रविवारी सकाळी सेम्बावांगच्या किनाऱ्यावर चालायला जायचात आणि नांगरलेल्या जहाजांचे फोटो मला पाठवायचात. खाली मजकूर: "हिचा एक्झॉस्ट काळा आहे. सेकंड इंजिनीअर झोपलाय." यार्डातल्या दोन माणसांना तुम्ही त्या डॉक्टरांकडे नेलंत, हे मला तुमच्या अंत्यसंस्काराच्या वेळी कळलं. त्यांनी स्वतःची नावं सांगितली नाहीत. मीही विचारली नाहीत.

ताईने स्वतःहून वर्ष मोजायला घेतलं होतं. गोळी चालू असलेलं वर्ष तिने वर्ष म्हणून धरलं, आणि ते तुम्ही तिला दोन कप मांडून समजावलं म्हणून, हे तिने मला नंतर सांगितलं. व्हिडिओ कॉलवर तिच्यापुढे ताकाचे दोन पेले होते. डिसेंबरमध्ये ती आणि ईशा राहायला येणार होत्या. तुम्ही ईशाच्या खोलीला रंग दिला होता. रंग तिने निवडला होता, तुम्हाला आवडला नव्हता.

शवविच्छेदन दुसऱ्याच दिवशी झालं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या बऱ्याच दिवसांपासून बंद होत आलेल्या होत्या, एक त्या सकाळी पूर्ण बंद झाली. फवाऱ्याशी संबंध आहे का, हे मी डॉक्टरांना लेखी विचारलं. संबंध दिसत नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. रक्ताची विषतपासणी बाकी होती, त्याला काही आठवडे लागतील असं सांगण्यात आलं.

हृदय, हा शब्द ऐकल्यावर मला हायसं वाटलं. तुम्ही गेलात त्याला तीस तास झाले होते आणि मला हायसं वाटत होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. मग विमानतळावरून येताना टॅक्सीत ताईने खिडकीबाहेर बघत विचारलं, "हार्ट म्हणाले ना? नक्की?" आणि मी हो म्हटल्यावर तिने सीटवर डोकं मागे टेकलं. मी तिचा श्वास ऐकला. तो माझ्यासारखाच होता.

पण तिला अंदाज नको होता, आणि हृदय हे उत्तर तिच्या प्रश्नाचं नव्हतं.

घर उघडलं तेव्हा ईशा आधी फ्रिजकडे गेली. डबा खाली काढला, कप्पे उघडून पाहिले.

"मावशी, ट्यूसडे इज एम्प्टी. मंडे, ट्यूसडे एम्प्टी, वेन्सडे ऑनवर्ड्स ऑल देअर. सो बाबा टूक इट, राइट?"

मी म्हणाले, "कप्पा रिकामा आहे, एवढंच कळतं. गोळी गिळली की टाकली ते…"

"मीनल," ताई म्हणाली. "ही तुझी बातमी नाहीये."

ती बरोबर होती. पण मी चुकीची नव्हते. पुण्यात माझ्या पहिल्या कचेरीत मुख्य उपसंपादकांनी शिकवलं होतं, की मृत्यूच्या बातमीला दोन स्रोत लागतात आणि ते एकमेकांना ओळखत नसावेत. डबा हा एक होता.

हत्यारांची पेटी मी एकटीने तपासली. पेस्टचा डबा होता. आत पेस्ट होती.

पाचव्या दिवशी ताई तुमचे कामाचे बॉयलर सूट घड्या करून पिशवीत भरत होती. मी वही आणली, ते पान उघडलं आणि तिच्यासमोर ठेवलं. आधी जेवणाच्या वेळचं माझं वाक्य सांगितलं, मग पलंगाशेजारचं गप्प राहणं, मग गाडीत गाळलेली नोंद. क्रमाने. तिने पान वाचलं. परत वाचलं.

"म्हणजे मी त्यांना तेव्हा बोलले ते…" ती म्हणाली.

"हो."

तिने एका सूटची बाही सरळ केली. कोपरावर ग्रीसचा डाग होता, तो नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही.

"त्या आठवड्यात मीपण त्यांना हेच सांगणार होते," ती म्हणाली. "आता बरे आहात तर गोळी सोडा, मग मी तिकिटं काढते. रविवारच्या फोनची वाट बघत होते. तू शुक्रवारी बोललीस." मग म्हणाली, "बोलायची बंद होईन म्हणे. चोवीस वर्षांच्या संसारात एवढंच ओळखलं मला."

ती रडली, आणि मग बराच वेळ हसली, आणि ईशा दारात येऊन म्हणाली, "व्हाय यू ऑल लाफिंग?"

भाऊजी, ते पान अजून वहीतच आहे. तुम्ही नको म्हणाला होता ते नाव मी लॉगला घेतलं आहे. शेऱ्याच्या रकान्यात 'ऑपरेटरचं नाव माझं' या तुमच्या शब्दांवर एकच रेघ मारली आहे, खालचं वाचता येतं. शेजारी माझी सही आहे.

गेल्या गुरुवारी दुपारी सव्वातीनला विषतपासणीचा निष्कर्ष ताईला कळवण्यात आला. तिने तो मला फोनवर वाचून दाखवला, मी लिहून घेतला, मग तिला परत वाचून दाखवला. रक्तात दोन औषधं आढळली. एक रक्तदाबाचं. दुसरं नाल्ट्रेक्सोन, त्याच सकाळी घेतलेलं असावं इतक्या प्रमाणात. ओपिऑइड आढळलं नाही.